खंदकाची साक्ष

इंग्लंडच्या मध्य आणि पूर्व भागांत शेतांच्या मधोमध एखादा चौकोनी, गवताने भरलेला खळगा पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. कोठे त्यात पाणी साचलेले असते, कोठे नुसता ओलावा असतो आणि वर लव्हाळी माजलेली असते. चौकोनाच्या आतली जमीन थोडी उंच व सपाट असते. तीवर मेंढ्या चरत असतात. जाणाऱ्या-येणाऱ्यास तेथे थांबून पाहण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. परंतु हा खळगा आपोआप पडलेला नव्हे. निसर्ग जमिनीवर सरळ रेषा आणि काटकोन क्वचितच आखतो. सातशे वर्षांपूर्वी कोणा धनवंताने मजूर लावून हा खंदक खणून घेतला असावा आणि आतल्या बेटावर आपला वाडा बांधला असावा, असा तर्क करण्यास येथे जागा आहे. ‘असावा’ या शब्दाकडे, मुलांनो, नीट लक्ष द्या. ‘असावा’ पासून ‘होता’ पर्यंतची वाट कशी चालावी आणि ती चालण्याची घाई का करू नये, याविषयीच मला येथे काही सांगावयाचे आहे.

आपल्याकडे देशमुखाची किंवा पाटलाची जुनी गढी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना इंग्लंडातील ‘मॅनर’ म्हणजे काय हे समजण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत. मध्ययुगात तेथील जमीन लहानमोठ्या जहागिऱ्यांत वाटलेली असे. अशा जहागिरीला मॅनर म्हणत. जहागीरदाराची स्वतःची शेती, त्याच्या कुळांची शेते, कुरणे, गिरणी आणि या सर्वांचा कारभार जेथून चाले तो वाडा, एवढा पसारा त्या एका शब्दात येतो. वाड्यात एक मोठे दालन असे. तेथे पंगती उठत, तेथेच कुळांचे तंटे ऐकले जात आणि दंडही ठोठावले जात. आगीच्या भयाने स्वयंपाकघर पुष्कळदा वेगळे बांधीत. शेजारी धान्याची कोठारे, गुरांचे गोठे, कबुतरखाना. आणि धनी विशेष संपन्न असला तर एक छोटे प्रार्थनामंदिर. काही वाड्यांच्या सभोवार पाण्याने भरलेला खंदक असे आणि आत जाण्यासाठी त्यावर एक पूल टाकलेला असे.

खंदकाने वेढलेल्या अशा सुमारे ६,००० जागा इंग्लंडात आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक खंदक इ. स. १२५० ते १३५० या शंभर वर्षांच्या आसपास खणले गेले. एका शतकात एवढ्या माणसांना घराभोवती पाणी खेळविण्याची हौस का वाटावी? शत्रूच्या भीतीने, असे उत्तर आपल्या ओठांवर चटकन येते. कारण खंदक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अहमदनगरचा भुईकोट किंवा परांड्याचा किल्ला उभा राहतो. परंतु या वाड्यांना बहुधा तट नव्हते, बुरूज नव्हते. पाच-दहा मीटर रुंदीचा तो खंदक रात्री येणाऱ्या चोराला किंवा सुटलेल्या गुरांना अडवू शकेल. वेढा घालून बसलेल्या सैन्यापुढे त्याची मातब्बरी ती काय? हे खंदक प्रामुख्याने चिकणमातीच्या प्रदेशात आढळतात. तेथे पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. चर खणला की पाण्याला जाण्यास वाट मिळे आणि निघालेली माती आत टाकली की घराचा पाया उंच व कोरडा होई. शिवाय खंदकात मासे पाळता येत. ख्रिस्ती धर्मातील उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असले तरी मासे चालत. त्यामुळे दाराशी मासळी असणे ही मोठीच सोय होती. ही सर्व कारणे खरी आहेत. तथापि माझ्या मते त्या सर्वांहून मोठे कारण मनुष्याच्या स्वभावात सापडते. बड्या सरदाराच्या किल्ल्याला खंदक असे, म्हणून लहान जहागीरदाराने आपल्या वाड्याला तो खणला. आणि त्याचे पाहून सुखवस्तू शेतकऱ्यानेही खणला. गावातील एका घराला माडी चढली की शेजारच्या घरालाही ती हवीशी वाटते, त्यातलाच हा प्रकार.

वॉरिकशायर परगण्यातील बॅडस्ले क्लिंटन हा खंदकाने वेढलेला वाडा अद्याप उभा आहे. १५९१ च्या ऑक्टोबर महिन्यात सरकारी माणसे तेथे लपलेल्या कॅथलिक धर्मगुरूंचा शोध घेण्यास आली. खंदकाने त्यांना अडविले नाही. ती सरळ दरवाजातून आत शिरली. धर्मगुरू वाड्याखालच्या सांडपाण्याच्या भुयारात, पाण्यात पाय बुडवून, सुमारे चार तास निमूटपणे उभे राहिले आणि वाचले. त्या दिवशी खंदकापेक्षा वाड्याचे गटारच अधिक उपयोगी पडले, असे म्हणावे लागते.

बॅडस्ले क्लिंटनविषयी कोणाला शंका नाही. तेथे भिंती आहेत, छप्पर आहे, कागदपत्रे आहेत. अडचण येते ती जेथे केवळ चौकोनी खळगा उरला आहे तेथे. तो जहागीरदाराचा वाडाच कशावरून? एखाद्या मठाच्या शेतावरील कोठारांभोवतीही असा खंदक असू शकतो. मागाहून कोणा श्रीमंताने बागेच्या शोभेसाठी पाणी खेळविलेले असू शकते. नुसते माशांचे तळे असू शकते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी घरांभोवती खणलेले चौकोनी चरही आकाशातून असेच दिसतात. म्हणून जाणता संशोधक आपल्या वहीत ‘मध्ययुगीन वाड्याची संभाव्य जागा’ एवढेच लिहितो. कित्येकांना हा शब्द भित्रेपणाचा वाटतो. मला तो मोठा धीराचा वाटतो. कारण मनात इच्छा असूनही ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे न म्हणणे ही सोपी गोष्ट नव्हे.

मग तो पुढे काय करतो? कुदळ उचलतो, असे तुम्ही म्हणाल. नाही. कुदळीची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी तो कागद पाहतो. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने १०८६ साली राज्यातील जमिनींची मोठी पाहणी झाली. तिच्या दप्तरास ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. कोणती जहागीर कोणाकडे, तेथे नांगर किती, गिरण्या किती, हे त्यात लिहिलेले आहे. पण वाडा नेमका कोणत्या शेतात होता, हे तो ग्रंथ सांगत नाही. त्यासाठी जुने नकाशे आणि शेतांची नावे पाहावी लागतात. एखाद्या शेताला पिढ्यानपिढ्या ‘मोट फील्ड’ म्हणत असतील तर संशोधकाचे कान टवकारतात. ही ‘मोट’ म्हणजे आपली विहिरीवरची मोट नव्हे बरे. इंग्रजीत खंदकाला मोट म्हणतात. गमतीची गोष्ट अशी, की हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘मातीचा उंचवटा’ असा होता. खणलेल्या मातीच्या ढिगाचे नाव पुढे खणलेल्या खळग्यालाच चिकटले!

कागदानंतर आकाशाची मदत घ्यावयाची. जमिनीखाली बुजलेला खंदक वरून कसा दिसेल, असे तुम्हांस वाटेल. उत्तर पिकात आहे. बुजलेल्या खंदकावर माती खोल असते आणि तिच्यात ओल टिकते. तेथील गहू उंच वाढतो व उशिरापर्यंत हिरवा राहतो. पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असतो. तेथील गहू खुरटतो व लवकर पिवळा पडतो. शेतात उभे राहून हा भेद ध्यानात येत नाही. विमानातून मात्र पिवळ्या शेतावर हिरव्या शाईने आखल्यासारखा चौकोन उमटलेला दिसतो. ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी ॲलेक्झांडर कीलर यांच्या साहाय्याने आकाशातून छायाचित्रे घेऊन १९२८ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही विद्या मान्यता पावली. अवर्षणाच्या वर्षी या खुणा विशेष स्पष्ट होतात. २०१८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा शेतकरी हवालदिल झाले आणि पुरातत्त्ववेत्ते मात्र भराभर छायाचित्रे टिपीत होते. जमिनीतून विजेचा सौम्य प्रवाह सोडून आत ओल कोठे आणि दगड कोठे हे ओळखण्याची युक्तीही आहे. ती रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९४६ साली प्रथम वापरली. या उपायांनी एक ढेकूळही न हलविता पुष्कळ कळते.

एवढे झाल्यावर कुदळ. तीसुद्धा सगळ्या बेटावर चालवावयाची नाही. खंदकाला आडवा छेद देणारा एक अरुंद चर खणला, की चराच्या भिंतीवर थर दिसू लागतात. सर्वांत वर नांगरलेली माती. तिच्याखाली कौलांचे तुकडे, चुना, जळके लाकूड. वाडा पाडला किंवा पडला तेव्हाचे हे अवशेष. त्याखाली गाळ. आणि तळाशी काळा, ओला, दुर्गंधी चिखल. माझ्या दृष्टीने या चिखलाची किंमत सोन्याच्या नाण्याहून अधिक आहे. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, त्यामुळे तेथे वस्तू कुजत नाहीत. कोरड्या मातीत जे कधीच नष्ट झाले असते ते, म्हणजे चामड्याचा जोडा, लाकडी वाडगा, धान्याचे दाणे, फळांच्या बिया, किड्यांचे पंख, इतकेच नव्हे तर सातशे वर्षांपूर्वी वाऱ्यावर उडालेले परागकण, या चिखलात जसेच्या तसे सापडू शकतात. सोन्याचे नाणे धन्याची संपत्ती सांगेल. पण स्वयंपाकघरातील मोलकरणीने खिडकीतून काय फेकले, हे सांगणारा साक्षीदार हा चिखलच.

मात्र साक्षीदार बोलतो म्हणून त्याचा प्रत्येक शब्द खरा धरता येत नाही. खालचा थर जुना व वरचा नवा, हा उत्खननाचा पहिला पाठ. तळच्या चिखलात इ. स. १४५० च्या सुमाराचे खापर सापडले, तर खंदक तेव्हाच खणला असे आपण म्हणू. आणि येथेच आपण फसू. कारण वाड्यातील माणसे राहती होती तोपर्यंत खंदक मधूनमधून उपसला जात असे. आपण नाही का विहिरीतला गाळ काढीत? प्रत्येक उपशाबरोबर आधीच्या पिढ्यांचे पुरावे बाहेर जात. म्हणजे तळचा चिखल खंदकाचा जन्म सांगत नाही. शेवटची सफाई केव्हा झाली एवढेच सांगतो. जन्म शोधावयाचा तर खणलेली माती जेथे प्रथम टाकली, त्या ढिगाखाली झाकली गेलेली मूळची जमीन पाहिली पाहिजे. त्या जमिनीवर जे खापर पडलेले असेल, त्याच्यानंतर खंदक खणला गेला हे निश्चित. एवढ्या एका गोष्टीवरून किती बारकाईने विचार करावा लागतो, हे ध्यानात येईल.

आणि पुष्कळदा जमीन आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता भलतेच काही सांगू लागते. लंडनच्या पश्चिमेस नॉर्थोल्ट येथे खंदकाने वेढलेल्या वाड्याची जागा आहे. जॉन हर्स्ट यांनी १९५० नंतर तेथे उत्खनन केले. वाड्याच्या खाली त्यांना खंदकाहून कित्येक शतके जुन्या, सॅक्सन काळातील वस्तीच्या खुणा आढळल्या. याच्या उलट प्रकार यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या ओसाड गावी घडला. तेथे मॉरिस बेरेसफर्ड आणि हर्स्ट यांनी गरीब शेतकऱ्यांची घरे शोधावयाची म्हणून काम आरंभले. एका शेतकऱ्याच्या घराचे अवशेष साफ करीत खाली जाता जाता त्यांना बाराव्या शतकातील जहागीरदाराच्या वाड्याचे दगडी तळघर लागले. वाडा तेथे असेल असे कोणाच्या मनातही नव्हते. शेतकऱ्याची झोपडी काय पाहावयाची, असे म्हणून तो थर त्यांनी फावड्याने भराभर उडविला असता, तर वाडा मिळाला असता. पण वाड्याच्या जागेवर पुढे सामान्य माणसांची घरे कशी उभी राहिली, ही हकीकत कायमची गेली असती. या गावी दर उन्हाळ्यात, १९९० पर्यंत, चाळीस वर्षे काम चालले. आणि एवढ्या काळात गावाचा अगदी थोडा भाग उकलला गेला.

कोणी म्हणेल, चाळीस वर्षांत थोडासा भाग, हा काय कामाचा वेग झाला? त्यांना मी एक उदाहरण सांगतो. ते वाड्याचे नाही, डॉर्सेटमधील मेडन कासल या प्राचीन डोंगरी किल्ल्याचे आहे. पण आपल्याशी त्याचा थोडा संबंध पोहोचतो. १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वविद्येचा पाया घालणारे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया त्या वेळी लंडनमध्ये शिकत होते. त्यांनीही तेथे व्हीलर यांच्या हाताखाली काम केले. थर जपून उकलण्याची शिस्त किती महत्त्वाची, हे व्हीलर यांच्याइतके क्वचितच कोणी शिकविले असेल. किल्ल्याच्या दरवाजापाशी त्यांना घाव बसलेले सांगाडे सापडले. इ. स. ४३ च्या सुमारास रोमन सैन्याने हल्ला केला आणि रक्षकांची कत्तल उडविली, असा त्यांनी निष्कर्ष काढला व त्याचे मोठे रोमांचक वर्णन लिहिले. कित्येक वर्षे ते सर्वांनी खरे मानले. १९८५-८६ साली तेथे पुन्हा उत्खनन झाले आणि त्या वर्णनाविषयी शंका उत्पन्न झाल्या. पुढे सांगाड्यांच्या हाडांचा काळ शास्त्रीय रीतीने मोजला गेला. त्यावरून ती माणसे एकाच दिवशी नव्हे, तर रोमनांच्या येण्यापूर्वीच्या अनेक दशकांत मेली होती असे दिसून आले, आणि ते संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. ही तपासणी शक्य कशामुळे झाली? व्हीलर यांनी सगळा किल्ला खणून टाकला नव्हता आणि सापडलेली हाडे जपून ठेवली होती, म्हणून. हाडांचे वय मोजण्याची जी रीत आज आहे, ती १९३७ साली कोणाला ठाऊकच नव्हती. किरणोत्सारी कार्बनावरून वय काढण्याचा शोध विलर्ड लिबी यांनी लावला तो १९४९ च्या सुमारास.

पुस्तक आपण पुन्हा पुन्हा वाचू शकतो. जमिनीचे तसे नाही. तिचे प्रत्येक पान वाचता वाचता फाडावे लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की संशयित वाड्याची जागा कितीही मोहक असली तरी तिचा मोठा भाग न खणता पुढच्या पिढीसाठी ठेवावा. आपल्याला हवे ते उत्तर आज नाही मिळाले तरी चालेल.

या मताविरुद्ध एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. तुम्ही न खणता ठेवाल, पण नांगर थांबेल का? इंग्लंडात शेतीसाठी कित्येक खंदक बुजविले गेले आणि आतली बेटे नांगरली गेली. दर वर्षी नांगराचा फाळ थोडा खोल जातो आणि जुन्या जमिनीचा एक पापुद्रा उखडतो. १९९० पासून तेथील बांधकामाच्या नियमांत, जुने अवशेष शक्यतो जागच्या जागी राखावेत आणि ते अशक्य असेल तर बांधकामापूर्वी त्यांची नोंद करून घ्यावी, असे धोरण आले. शेताची नांगरट मात्र त्या नियमांत येत नाही. आपल्याकडेही जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची चाल होती, आणि त्या मातीबरोबर कित्येक गावांचा इतिहास काळीत मिसळून गेला. शेतकऱ्याला त्याचा दोष देता येणार नाही; त्याला पीक काढावयाचे असते. जेथे अवशेष उद्या नष्टच होणार, तेथे आजच उत्खनन करावे, हे मला मान्य आहे. पण हा नाइलाजाचा उपाय झाला. त्याहून बरे हे, की त्या तुकड्यावर नांगर न घालता गवत राहू द्यावे आणि शेतकऱ्याला त्याची भरपाई मिळावी. मेंढ्यांच्या खुरांनी खंदकाचे फारसे बिघडत नाही.

अशा एखाद्या जागेवरील काम संपले, चराची मापे घेऊन झाली, छायाचित्रे निघाली, खापरे धुऊन व क्रमांक घालून पिशव्यांत भरली गेली, म्हणजे चर पुन्हा मातीने भरून टाकतात. भरण्यापूर्वी काही ठिकाणी त्याच्या तळाशी आजच्या काळातील एखादे कापड अंथरतात. शंभर-दोनशे वर्षांनी कोणी तेथे पुन्हा कुदळ घेऊन आलाच, तर हे कापड लागताच त्याला समजावे, की मागची माणसे येथपर्यंत आली होती आणि याच्याखाली त्यांनी हात लावलेला नाही.